सलीमनं मारलेली हाक

आजारपणाचा अनुभव म्हणलं की तुम्ही आता तयारीत बसला असाल. आधी छातीत एक कळ, मग धावपळ, मग ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा आणि शेवटी मी सकाळी बागेत प्राणायाम करताना. यातलं काहीही होणार नाही. लाल दिवा नाही, टाके नाहीत, आणि प्राणायामानं मला फक्त झोप येते. माझ्या आजाराचा एक्स-रे निघत नाही. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं त्याचा निघाला, पण ते बिचारं वेळेत जुळून मोकळं झालं.

जे जुळलं नाही त्याचं नाव मला नारायण पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये कळलं. खाली चष्म्याचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर डॉक्टरबाई. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांच्या डॉक्टर. मला तिथं माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, जवळपास ओढत नेलं होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. झोप, घाम, दचकणं, जेवताना मध्येच उठून जाणं. मग म्हणाल्या, "तुम्हाला पीटीएसडी आहे. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. मोठा धक्का बसतो आणि संपतो, पण तुमचं शरीर तो संपला असं मानत नाही. अजून चालूच आहे असं धरून वागतं."

मी म्हणालो, "मॅडम, हे मिलिटरीतल्या लोकांना होतं ना?"

"मिलिटरीनं त्याचा ठेका घेतलेला नाही. नीट बसा."

एरवी असा आवाज मला मिळाला असता तर जिना उतरेपर्यंत मी तो खिशात घातला असता. कारण माझा धंदाच तो. मी नकला करतो. करमाळ्याला शाळेत असताना एकदा ऑफिसातल्या माइकवरून हेडमास्तरांच्या आवाजात अर्धी सुट्टी जाहीर केली होती, आणि अर्धी शाळा घरी गेली होती. पुण्यात आल्यावर लग्नं, सोसायट्या, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, जिथं बोलावतील तिथं जायचो.

पण त्या दिवशी जिना उतरताना बाईंचा आवाज माझ्या तोंडी आला नाही. कुणाचाच यायचा नाही. कित्येक महिने माझ्या घशात एकच आवाज बसला होता, सलीमचा.

सलीम माझा दोस्त आणि माझा साउंडवाला. शनिवार पेठेत राहतो. त्याच्या अब्बांचं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हा वायरी बघतच मोठा झालेला. माझा पुण्यातला पहिला कार्यक्रम त्यानंच वाचवला होता. तेव्हापासून आम्ही जोडीनंच जायचो.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, पुढं लागणार आहे. स्टेजवर कलाकाराच्या पायाशी एक स्पीकर असतो, तोंड आमच्याकडे केलेला. त्याला मॉनिटर म्हणतात. आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून. सलीम त्याचा दुसराही उपयोग करायचा. त्याच्याकडे एक छोटा माइक असायचा, त्यातून तो फक्त त्या मॉनिटरमध्ये बोलायचा. लोक पुढून हसत असायचे आणि माझ्या पायापाशी सलीम पुटपुटत असायचा, "वैभ्या, माइक खाऊ नको, लांब धर." "वैभ्या, पहिल्या रांगेतल्या आजी झोपल्यात, उठव त्यांना." असे किती कार्यक्रम झाले असतील सांगता येत नाही. त्याचा आवाज म्हणजे माझ्या पायापाशी येणारा, थोडा घुमणारा आवाज.

आता तो दिवस. मे महिना, धायरीतली एक सोसायटी, तिचा वर्धापनदिन. पार्किंगमध्ये लोखंडी पाइपांचा मांडव. संध्याकाळी वारं सुटलं, बाहेरची लाइट गेली, म्हणून जनरेटर लावला आणि कार्यक्रम पुढं रेटला. लहान जागा होती, त्यामुळे सलीमचा साउंडचा मिक्सर स्टेजच्या बाजूलाच, पाइपांच्या खाली. मी एका कडक सासूबाईंची नक्कल करत होतो. मांडवाचं कापड फडफडायला लागलं. मग जनरेटर बंद पडला आणि सगळा अंधार. त्यानंतर वरून एक आवाज आला, ट्रकमधून लोखंड ओतल्यासारखा.

यापुढचं मला जसं आठवत होतं तसं सांगतो. धूळ, डिझेलचा वास, बायकांचा आरडाओरडा. आणि त्यातून स्पष्ट सलीम: "वैभ्या, थांब. मला काढ." आधी त्याची सवयीची घसा खाकरण्याची लकब, मग हे शब्द. मी ऐकलं आणि मी पळालो. मी सापडलो ते गेटपाशी, वॉचमनच्या खोलीबाहेर. एक हात लोंबत होता, पायात एकच बूट.

सलीमला इतरांनी काढलं. डोक्याला मार होता. बेशुद्ध.

हॉस्पिटलमध्ये मला खांद्याला पट्टा बांधून सोडून दिलं, पण मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. तिथं सगळे येत. नातेवाईक, सोसायटीवाले, पोलीस, आमच्या लाइनीतली पोरं. प्रत्येकजण विचारी, काय झालं? आणि मी सांगे. मला साधं सांगता येतच नाही. माझ्या तोंडात माणूस आला की तो त्याच्या आवाजातच येतो. म्हणून दर वेळी त्या ठिकाणी आलो की मी सलीम व्हायचो. "वैभ्या, थांब. मला काढ." लोकांच्या अंगावर काटा यायचा. सलीमच्या मामूंनी तर कानावर हात ठेवले.

नक्कल अशीच तयार होते. पहिल्यांदा फक्त वाक्य असतं. मग दम कुठं घ्यायचा ते सापडतं. मग एखादी लकब जोडली जाते. मी हे स्टेजवर शंभरदा केलंय. बाकड्यावरही तेच होत होतं आणि मला कळत नव्हतं. मला वाटे, मला अजून अजून आठवतंय.

सलीम शुद्धीवर आला. श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली, दोन शब्द बोलायला लागला. त्याला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नव्हतं. घरून निघाल्याचं सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले डोक्याच्या मारात असं होतं, मेंदूनं ते साठवलेलंच नसतं. पण ज्याचं काहीतरी हरवलंय तो शोधणारच. मला बोलावून म्हणाला, "वैभ्या, काय झालं ते सांग. नीट सांग."

मी त्याच्या पलंगाशी बसून, रडत रडत, त्यालाच त्याच्या आवाजात सांगितलं की तू हाक मारलीस आणि मी पळालो.

तो बराच वेळ छताकडे बघत होता. काही आठवड्यांनी, घरी गेल्यावर, मला म्हणाला, "आठवलं मला. मी ओरडत होतो. घसा फाटेपर्यंत." तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याच्या अम्मीनं चहा आणला, मी तो तसाच ठेवून उठलो. मग त्या घरी गेलोच नाही. फोन आले, घेतले नाहीत.

ताई धायरीतच राहते, मी तिच्याकडे. तिच्या शेजारच्या बिल्डिंगला जनरेटर आहे. तो सुरू झाला की मी घरातल्या घरात खाली बसायचो, डोक्यावर हात घेऊन. याला फ्लॅशबॅक म्हणतात. आठवण येणं वेगळं. इथं तुम्ही परत तिथं जाता, नाकात डिझेलसकट. रस्त्यात मांडव दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर. मेव्हण्यांनी एकदा बाथरूममधून "अरे, टॉवेल दे" म्हणून हाक मारली, तर मी जिना उतरून खाली गेलो होतो. मेव्हणे ओलेच बसून राहिले. ताई हसली नाही. त्याच आठवड्यात तिनं मला नारायण पेठेत नेलं.

औषधं सुरू झाली. झोपेसाठी एक, बाकीच्यासाठी एक. बाईंनी आधीच बजावलं की गोळीनं आठवण जात नाही, फक्त तिच्याकडे बघण्याइतका श्वास मिळतो. मग आठवड्यातून एकदा बोलायला जायचं. थेरपी म्हणजे हेच, ठरवून बोलणं, पण गप्पा नव्हेत. वेटिंग रूममध्ये आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता बसायचो. एक काका दर वेळी पेपर आणायचे आणि एकच पान बघत बसायचे. मी मनात म्हणायचो, काका, पान उलटा तरी. तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी बसत असाल तर सांगतो, तिथं बसलेला प्रत्येकजण हेच समजत असतो की बाकीचे जास्त आजारी आहेत.

पहिल्या काही वेळा मी बाईंना सगळं सांगितलं, आवाजासकट. त्या म्हणाल्या, "उत्तम करता. आता नक्कल न करता सांगा."

"म्हणजे?"

"तुमच्या आवाजात. 'तो असं असं म्हणाला', एवढंच."

मला जमेना. वाक्य तोंडाशी आलं की घसा आपोआप सलीमचा व्हायचा. मी घामाघूम. बाई पाणी पुढं करायच्या आणि थांबायच्या. त्यांनी कधीच म्हणलं नाही की असं झालं असेल किंवा तसं झालं नसेल. नंतर कारण सांगितलं, त्यांनी काही सुचवलं असतं तर मी तेही आठवायला लागलो असतो. त्या फक्त बारीक बारीक विचारायच्या. पायाखाली काय होतं? हातात माइक होता का? काय दिसत होतं?

"काही नाही. पूर्ण अंधार. जनरेटर गेला होता."

"आणि हाक कुठून आली? उजवीकडून, डावीकडून, मागून?"

सलीम माझ्या उजवीकडे होता. मी उजवीकडे म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज उजवीकडून येईना. मी डोळे मिटून परत ऐकला. तो खालून येत होता. माझ्या पायापाशी. थोडा घुमत.

"मॉनिटरमधून," मी म्हणालो.

"ते काय असतं?"

मी बाईंना समजावून सांगायला लागलो. पायाशी स्पीकर असतो, त्यात सलीम बोलतो, त्याला लाइट लागते... आणि तिथंच थांबलो.

जनरेटर आधी गेला होता. मांडव नंतर पडला. हे मी पोलिसांना, मामूंना, सगळ्यांना याच क्रमानं सांगत आलो होतो. लाइटच नव्हती तर मॉनिटर मेलेला होता. आणि मेलेल्या मॉनिटरमधून सलीम मला हाक मारत होता, घसा खाकरून, जशी तो प्रत्येक कार्यक्रमात मारायचा.

मी तोच क्रम बोटांवर परत मोजला. तसाच आला.

मग त्यांनी सांगितलं. फॉल्स मेमरी, म्हणजे न घडलेल्या गोष्टीची खरी वाटणारी आठवण. आठवण ही कपाटात ठेवलेली कॅसेट नसते. दर वेळी आपण ती नव्यानं बांधतो, आणि बांधताना हाताशी असलेलं सामान वापरतो. धक्का बसलेल्या माणसाचं मन त्याच एका जागी परत परत जातं, तिथली भोकं बुजवत राहतं. "तुमच्या हाताशी सलीमचा आवाज होता. तुम्ही तो लावलात. मुद्दाम नाही."

मी विचारलं, "मग मी पळालोच नाही का?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही गेटपाशी सापडलात हे इतरांनी पाहिलंय. तिथं कसे गेलात ते कदाचित कधीच कळणार नाही. ती जागा रिकामी ठेवता येते का बघा."

खरं सांगू, मला राग आला. एवढे महिने येऊन बाई मला रिकामी जागा देतायत. पण घरी जाताना लक्षात आलं की मी काय घेऊन जगत होतो. पळालो हे नव्हे. अंधारात लोखंड पडताना शरीर कुठंही पळेल. माझं ओझं होतं ते हाक ऐकून पळालो याचं. पळालो असेन. पण ती हाक ऐकून नाही.

इथं एक गोष्ट घरच्यांसाठी. हे वाचून तुमच्या पेशंटला "तुझे सगळे भास आहेत" म्हणू नका. बाईंनी मला हे दोनदा ऐकवलं. मांडव पडला होता. धूळ खरी होती, डिझेल खरं, मोडलेलं हाड खरं, भीती तर सगळ्यात खरी. अशा माणसाच्या बहुतेक आठवणी इतरांसारख्याच असतात, एखाद्या जागी ठिगळ असतं. आणि ते कुठं आहे हे तुम्ही बाहेरून बोट दाखवून सांगायचं नसतं. त्याला स्वतःला हात लागावा लागतो.

पण मला आता गप्प बसता येत नव्हतं. कारण मी ते ठिगळ आणखी एका डोक्यात शिवून आलो होतो. सलीम रोज उठून असा विचार करत असणार की आपण घसा फाटेपर्यंत ओरडलो आणि आपला दोस्त निघून गेला.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, "जा. पण त्याच्याकडून माफी किंवा आठवण, काहीच परत आणायला जाऊ नका. आणि नक्कल करू नका."

शनिवार पेठेत त्यांचं घर दुकानाच्या मागंच आहे. सलीम बैठकीवर बसून एक जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडत होता. डाव्या हाताची बोटं अजून सावकाश चालत होती. मला बघून म्हणाला, "या. रस्ता सापडला का?" अम्मी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, परत सुरू झाला.

मी सगळं सांगितलं. माझ्याच आवाजात. फार रटाळ झालं, पण सांगितलं.

तो स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "जनरेटर आधी गेला?"

"आधी."

"नक्की?"

"अंधार झाल्यावरच लोखंड पडलं. तिथल्या कुणालाही विचार."

"आणि तू मॉनिटरमधून ऐकलंस."

"हो."

"गाढवा," सलीम म्हणाला, "एवढी वर्षं माझ्याबरोबर फिरलास आणि मेलेल्या लाइनीवर मॉनिटर वाजवतोस." पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाला, "पण मला आठवतंय रे. माझा घसा दुखत होता. ते तर खोटं नाही ना? एवढा दुखत होता की थुंकी गिळवत नव्हती."

उत्तर आतून आलं. अम्मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती.

"नळीनं दुखत होता," ती म्हणाली. "ती नळी काढली त्या दिवशी तू मला खुणेनं सांगितलंस, घसा सोललाय. मी चमच्यानं पाणी घालत होते. कुठली हाक घेऊन बसलास?"

सलीमनं घशाला हात लावला. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, दोघंही आपापल्या डोक्यात काहीतरी चाचपत. त्याची आठवण त्या दिवशी गेली नाही, अजूनही गेलेली नाही. अधूनमधून फोन करून विचारतो, "जनरेटर आधीच ना?" मी म्हणतो, "आधीच." माझीही हाक अजून येते कधीकधी. फरक एवढाच की आता ती आली की मी खाली पायाशी बघतो. तिथं मॉनिटर नसतो.

पण त्या दिवशी आमचं बघणं अम्मीनं फार चालू दिलं नाही. ती माझ्याकडे वळली. मी मान खाली घालून म्हणलं, "अम्मी, मी गेटपाशी सापडलो होतो. म्हणजे गेलो तर असणारच."

"गेला असशील," ती म्हणाली. "मांडव पडताना काय वर बघत उभा राहणार होतास? त्याचं कोण विचारतंय? माझं पोरगं आठ महिने भिंतीकडे तोंड करून झोपतंय, म्हणतं वैभव मला टाकून गेला. मी म्हणते, बेटा, आला नाही तर विचारू कसं? फोन करून करून माझं बोट दुखलं. तू उचलला? चहा ठेवून गेलास तो गेलासच. माझा चहा या घरात आजवर कुणी तसा ठेवला नाही."

"चुकलं, अम्मी."

"चुप. अब्बांची नक्कल केलीस, आम्ही हसलो. माझी केलीस, शेजारणी हसल्या, मी पण हसले. माणूस बोलतो, त्याची नक्कल होते. माझा सलीम मांडव पडल्यावर एक अक्षर बोलला नव्हता. जो बोललाच नाही त्याची नक्कल कोण करतं रे? आणि ती पण त्यालाच ऐकवतं?"

मी सलीमचा स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्या हाताशी ठेवला.

"हात धुऊन ये आता. भाकरी गार होतीय. आणि जेवताना माझ्यासारखं बोलायचं नाही, सांगून ठेवते."